हाताआधी डोळा

चित्र जमलं नाही की आपण म्हणतो, ‘माझा हातच वळत नाही.’ हाताचा यात फारसा दोष नसतो. वळणदार सही करणाऱ्या हाताला तांब्याची कड ओढणं अवघड का जावं? अडतं ते पाहण्यात.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. समोर ठेवलेल्या तांब्याचं तोंड मुलं ऐसपैस गोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. तोंड गोल असतं आणि तांब्या सपाट जागेवर टेकतो, हे त्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असलेलंच कागदावर उतरतं. डोळ्यांना दिसत असतं वेगळंच. नजरेच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचं तोंड चपट्या लंबवर्तुळासारखं दिसतं. बूड आणखी खाली असतं, म्हणून त्याच्या कडेचा बाक तोंडापेक्षा जास्त. तांब्या उचलून हळूहळू वर आणा. तोंडाचं लंबवर्तुळ मिटत जातं आणि डोळ्यांच्या पातळीला आलं की नुसती आडवी रेघ उरते. त्याहून वर नेलात, तर काठाचा बाक उलटा होतो. हे एकदा स्वतः पाहिलं की यथार्थदर्शनाचा निम्मा अभ्यास झाला.

चेहऱ्यातही हीच गफलत होते. डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, पण नवशिके ते बरेच वर काढतात. लक्ष सगळं नाकडोळ्यांकडे, त्यामुळे कपाळ आणि डोक्याचा वरचा भाग आखडतो. यावर पेन्सिलीने माप घेण्याची जुनी रीत उत्तम. हात कोपरात न वाकवता समोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत माप घ्यायचं. कोपर वाकलं की माप बदलतं, एवढं सांभाळा.

अमेरिकेतले कलाशिक्षक किमॉन निकोलायडीस यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1941 मध्ये आलं. त्यातला बाह्यरेषेचा अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेन्सिल त्या कडेलाच टेकली आहे असं मानायचं आणि कागदाकडे न पाहता सावकाश रेघ ओढायची. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ द्यावं. बेटी एडवर्ड्स यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात पिकासोने काढलेलं स्ट्रॅव्हिन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवायला सांगितलं. उलट्या चित्रात नाक ‘नाक’ म्हणून ओळखू येत नाही, म्हणून रेघा जशा आहेत तशा दिसतात. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांची त्यांची मांडणी शास्त्रज्ञांना तितकीशी पटत नाही. तरी हा सराव खरोखर उपयोगी पडतो. खुर्ची काढताना पायांऐवजी पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढून पाहा, तिथेही हेच घडतं.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. एकेका आकृतीपुढे इतका वेळ बसणं हे फार मोठं शिक्षण होतं, असं मला ठामपणे वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरातलीच एक वस्तू निवडा. आधी पाच मिनिटं पेन्सिल न उचलता नुसती पाहा, मग काढा, आणि दुसऱ्या दिवशी तीच वस्तू पुन्हा काढा. मोबाइलवरच्या फोटोवरून मात्र सुरुवात करू नका. कोन, अंतर आणि उजेड कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असतात, आणि ते ठरवायला तर तुम्हाला शिकायचं आहे.