संगणकास जोडलेलें घरगुती शीतयंत्र

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार होतें, तें बाहेरून थंडी आंत शिरते म्हणून नव्हे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें थोडें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना आंतील पाण्याची उष्णता बरोबर नेतें. थंडी अशी कांहीं स्वतंत्र वस्तु नाहीं. एका ठिकाणची उष्णता दुसरीकडे वाहून नेणें यासच थंड करणें म्हणावयाचें. हें तत्त्व ज्यास उमगलें, त्यास संगणकास जोडलेलें शीतयंत्र समजण्यास अडचण पडत नाहीं.

संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, त्याच्या सिलिकॉनच्या लहानशा चकतीवर कोट्यवधि ट्रॅन्झिस्टर दाटीनें वसलेले असतात. त्यांच्या अखंड उघडझापींत खर्चिलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. जलद संगणकांत ती शंभर-दीडशे वॅट किंवा त्याहूनही अधिक भरते. नेहमीच्या कामास धातूचे पत्रे आणि पंखा पुरतो. परंतु पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. प्रोसेसर थंड असला म्हणजे नेमून दिलेल्या गतीहून अधिक वेगानेंही तो न चुकतां चालूं शकतो, हें ध्यानांत आल्यावर शीतकपाटाचें यंत्रच त्यास जोडण्याची कल्पना निघाली. सन २००० च्या सुमारास अमेरिकेंतील क्रायोटेक आणि डेन्मार्कमधील असेटेक या कंपन्यांनीं अशी तयार यंत्रें विक्रीस आणलीं होतीं. हौशी कारागिरांनीं तेंच काम आपल्या घरीं, जुन्या शीतकपाटाचे भाग घेऊन केलें.

जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं लंडन येथें ज्या चक्राचें पेटंट घेतलें, तेंच चक्र येथें चालतें. कॉम्प्रेसर वायूस दाबतो, तेव्हां तो तापतो. कंडेन्सरच्या वेटोळ्यांत तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रवरूप होतो. मग हा द्रव केशनळींतून जातो. तिचें छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक आणि लांबी कांहीं मीटर असते. तींतून बाहेर पडतांच त्याचा दाब उतरतो आणि प्रोसेसरवर बसविलेल्या तांब्याच्या पोकळ ठोकळ्यांत तो उकळूं लागतो. प्रोपेन वातावरणाच्या दाबाखालीं उणे ४२ अंशांवर उकळतो, तर आर-१३४ए हा वायु उणे २६ अंशांवर. उकळण्यास लागणारी उष्णता प्रोसेसरकडून घेतली जाते व वाफ पुनः कॉम्प्रेसरकडे परतते.

नळ्यांचे सांधे चांदीमिश्रित डाकानें जोडून कोरड्या नायट्रोजनच्या दाबाखालीं तपासावे लागतात. नंतर निर्वात-पंपानें आंतील हवा व ओलावा काढून घ्यावा लागतो. कारण पाण्याचा एक थेंबही केशनळीच्या मुखाशीं गोठून सर्व चक्र अडवूं शकतो.

यापुढें खरी कसोटी लागते, ती यंत्र जुळविण्याची. उष्णतेचा भार नसतां यंत्रानें दाखविलेलें तापमान फसवें असतें. म्हणून ठोकळ्यावर प्रोसेसरऐवजीं तितक्याच वॅटची विजेची शेगडी बांधून परीक्षा घेतात. केशनळी फार लांब असेल, तर द्रव कमी येतो. भार नसतां ठोकळा अतिशय गार होतो, परंतु भार पडतांच द्रव संपून तापमान झपाट्यानें चढतें. ती फार आंखूड असेल, तर द्रव अधिक येतो, पण दाब वाढून उकळण्याचें तापमानही चढतें. शिवाय न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरांत शिरतो. द्रव दाबला जात नसल्यामुळें त्याच्या झडपा मोडतात. म्हणून नळी आधीं लांब ठेवून मग बेतानें कापतात. वायूही थोडथोडा भरून दर वेळीं कांहीं मिनिटें वाट पाहतात. पूर्ण भारांतही ठोकळा थंड राहावा आणि परतणारी वाफ त्याहून कांहीं अंश उबदार असावी, म्हणजे यंत्र जुळलें असें समजावें.

तरीही एक शत्रु उरतोच. तो म्हणजे हवेंतील ओलावा. हवा ३० अंशांची व तिची आर्द्रता शेंकडा ७० असेल, तर सुमारें २४ अंशांखालील प्रत्येक पृष्ठभागावर दंव धरतें. मुंबईच्या पावसाळ्यांत तर उणे तीस अंशांचा ठोकळा उघडा ठेवणें म्हणजे विजेच्या मंडलावर पाण्याची धार धरणेंच होय. यासाठीं ठोकळा, नळी आणि प्रोसेसरची बैठक यांभोंवतीं हवा न शिरेल असें रबरी फेसाचें वेष्टन घालतात आणि बैठकींतील फटी वीज न वाहणाऱ्या ग्रीजनें भरतात. एवढी फट राहिली, तरी संगणक नासण्यास ती पुरे.

धोका माणसासही आहे. प्रोपेन हा स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. बंद खोलींत गळला, तर ठिणगीनें भडका उडेल. आर-१३४ए पेटत नाहीं, परंतु हवेंत सुटला म्हणजे वजनास वजन धरतां कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापमानवाढ घडवितो. कित्येक देशांत तो मोकळा सोडणें कायद्यानें मना आहे. म्हणून वायु भरणें व काढणें हें काम शिकलेल्या कारागिराच्या देखरेखीखालींच व्हावें.

शेवटीं हिशेब असा: प्रोसेसरची उष्णता आणि कॉम्प्रेसरनें खाल्लेली वीज, दोन्ही त्याच खोलींत पडतात; मेंदू थंड झाला तरी घर तापतें. घरच्या पत्रव्यवहारास व मुलांच्या अभ्यासास पंखाच बरा. मात्र उष्णता कोठून निघते, कोठें जाते आणि वाटेंत काय मागते, हें ज्या तरुणास स्वतःच्या हातानें पडताळून पाहावयाचें असेल, त्यास याहून चांगली शाळा क्वचितच मिळेल.