ट्रकच्या जागी पाइप आला, ड्रायव्हरच्या जागी कोण?

आलापल्ली-आष्टी रस्त्यानं तुम्ही एसटीनं गेला असाल, तर लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगा, लाल धूळ आणि रस्त्याची झालेली चाळण वेगळी सांगायला नको. अपघातांवरून इथं आंदोलनंही झाली. तेच खनिज आता जमिनीखालूनही वाहतंय. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत लॉइड्स मेटल्सनं ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन टाकली. जुलै २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. क्षमता वर्षाला १ कोटी टन.

जरा गणित करून बघा. एका ट्रकमध्ये २५ टन धरले, तर १ कोटी टनांसाठी वर्षाला ४ लाख फेऱ्या होतात. म्हणजे रोज जवळपास ११०० भरलेले ट्रक आणि तेवढेच रिकामे परतणारे!

पण दगड पाइपातून जातो कसा? सुरजागडचं खनिज हेडरीत पिठासारखं बारीक दळतात आणि त्यात पाणी मिसळतात. हीच स्लरी. पंपांच्या जोरावर ती कोनसरीला पोचते. तिथं पाणी गाळून काढतात, ओल्या भुकटीच्या गोळ्या वळतात आणि भट्टीत भाजतात. या झाल्या पेलेट, म्हणजे पोलादाचा कच्चा माल. हे तंत्र आपल्या शेजारी आधीपासून आहे. बस्तरमधल्या किरंदुलहून थेट विशाखापट्टणमपर्यंत २६७ किलोमीटरची अशीच लाइन जाते.

खरी कसोटी वेगाची. अशा लाइनमध्ये स्लरी साधारण सेकंदाला दीड-दोन मीटरनं वाहते. वेग कमी पडला तर भुकटी तळाशी बसून पाइप तुंबतो, जास्त झाला तर पाइप आतून झिजतो. या हिशेबानं ८५ किलोमीटरला १२ ते १६ तास लागतात. तेवढा सगळा वेळ सेन्सर दाब, प्रवाह आणि घनता मोजत राहतात आणि कंट्रोल रूममधलं कुणीतरी स्क्रीनवर डोळे लावून बसलेलं असतं.

हे 'कुणीतरी' कोण असणार, हा प्रश्न तुमचा आहे. ट्रक कमी झाले की रस्ता सुरक्षित होतो, हे खरंच. पण ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाला, ढाबेवाला यांचं काम त्याच ट्रकांवर चालतं. पाइपलाइनलाही माणसं लागतात, फक्त कमी आणि वेगळं शिकलेली. पंपांसाठी फिटर, मोटारींसाठी इलेक्ट्रिशियन, सेन्सरसाठी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. हे सगळे आयटीआयचे ट्रेड आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा आणि गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांत चुनखडी कन्व्हेयर बेल्टवरूनच फिरते. म्हणजे हे कौशल्य एकाच कंपनीपुरतं नाही. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत असाल, तर पीएलसी प्रोग्रामिंगकडे 'ऑप्शनल' म्हणून बघू नका.

'स्थानिकांना नोकऱ्या' हे शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. यापुढे कंपनीचे लोक कॉलेजात आले किंवा गावात सभा झाली, तर नेमकं विचारा: गेटवर किती, कंट्रोल रूममध्ये किती? आणि तिथं बसायचं ट्रेनिंग कुठं, कधी, कुणाच्या खर्चानं?