विश्लेषण : वृद्धाश्रमातील छळाची तक्रार करणे कर्मचाऱ्यांना बंधनकारक आहे का?

लहान मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे माहीत असूनही पोलिसांना न कळवणारी व्यक्ती ‘पोक्सो’ कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जाऊ शकते. संस्थाप्रमुखाने ते दडवल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या आजींना मारहाण होताना पाहून गप्प बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर मात्र असे थेट बंधन नाही.

छळ कशाला म्हणायचे?

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. पलंगाला बांधून ठेवणे, त्रास नको म्हणून गुंगीचे औषध देणे, डायपर तासन् तास न बदलणे, जेवणखाण रोखणे, शिवीगाळ करणे, पेन्शनच्या पैशांवर डल्ला मारणे हाही छळच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, काळजी केंद्रांतील दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून असे वर्तन घडल्याची कबुली दिली आहे.

कर्मचाऱ्यांची भूमिका महत्त्वाची का?

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा काय घडले ते सांगू शकत नाहीत. बोलू शकणाऱ्यांनाही ‘येथून काढले तर जायचे कुठे’ ही भीती असते. नातेवाईक अधूनमधून येतात. दंडावरचे वळ किंवा पाठीवर चिघळलेली जखम दिसते ती अंघोळ घालणाऱ्या मावशींना, रात्रपाळीच्या परिचारिकेला. पण नोकरी जाईल म्हणून त्याही बोलत नाहीत.

अमेरिकेत काय नियम आहे?

२०१०च्या ‘एल्डर जस्टिस’ कायद्यानुसार, ठरावीक रकमेहून अधिक केंद्रीय निधी घेणाऱ्या शुश्रूषा केंद्रांतील प्रत्येक कर्मचाऱ्याला गुन्ह्याचा वाजवी संशय आला तरी पोलीस आणि राज्य यंत्रणेला कळवावे लागते. गंभीर शारीरिक इजा असेल तर दोन तासांत, अन्यथा २४ तासांत. वरिष्ठांना सांगून ही जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास मोठा दंड होतो आणि तक्रार करणाऱ्यावर संस्थेने सूड उगवणेही बेकायदा आहे.

भारतातील कायदा काय सांगतो?

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा भर मुलांकडून निर्वाह भत्ता मिळवून देण्यावर आहे. ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी आहे, त्याने वृद्धाला कायमचे सोडून दिल्यास कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो, किंवा दोन्ही. पण छळ पाहणाऱ्याने तो कळवलाच पाहिजे, असे हा कायदा म्हणत नाही. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीलाही त्यात संरक्षण नाही.

भारतीय न्याय संहितेतील कलम ३५७ फारसे चर्चेत नसते. आजारपण किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या व्यक्तीची सेवा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मारहाण आणि डांबून ठेवणे यांसाठी वेगळी कलमे आहेतच.

सुधारणेचे काय झाले?

वृद्धाश्रमांची नोंदणी आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संसदीय समितीकडे गेले, पण मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झाले.

मग आज काय करता येईल?

सक्ती नसली तरी मनाई नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांना कोणीही देऊ शकतो, त्यासाठी नातेवाईक असण्याची गरज नाही. जिवाला धोका असेल तर ११२, सल्ला आणि मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वृद्ध व्यक्ती दिव्यांग असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. कर्मचाऱ्याने काय दिसले, कधी दिसले, त्या वेळी कोण हजर होते याची तारीख-वेळेसह नोंद ठेवावी. पुढे तीच पुरावा ठरते.

आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणाऱ्यांनी खोली आणि जेवणाबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : येथे काही गैर दिसले, तर कर्मचाऱ्याने कोणाला कळवायचे आणि ते लेखी नियमांत आहे का? कायदा हे विचारत नाही, तोवर ते कुटुंबानेच विचारायला हवे.