कानबाईचे पैसे कुठून काढायचे?

सुरतेत पांडेसऱ्यात, बमरोलीत किंवा भेस्तानच्या बाजूला राहणाऱ्या खानदेशी घरात पैशाची चणचण बहुधा रोजच्या खर्चाने होत नाही. ती होते श्रावणात, लग्नसराईत आणि दिवाळीत. कानबाई दरवर्षी येते, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी पैसे मात्र ती अचानक आल्यासारखे शोधावे लागतात. मग मालकाकडून उपाड घ्यायचा, म्हणजे पगाराआधीची उचल. पुढचा पगार त्यात कापून जातो आणि बचत तिथेच मोडते. म्हणून मौजेचे पैसे बचतीतच धरायचे. कसे, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम म्हणजे आपला सगळ्यात लहान महिना शोधणं. जीआयडीसीतल्या डाईंग मिलमध्ये जेटवर, स्टेंटरवर किंवा फोल्डिंगला असलेल्यांचा पगार हजेरीवर, लूम चालवणाऱ्यांचा मीटरवर. मंदी आली, मिल बंद राहिली की रक्कम खाली येते. घरी साडीचे धागे कापून किंवा टिकल्या लावून येणारे पैसेही त्याच मंदीत आटतात. गेल्या वर्षातला सर्वांत कमी पैशांचा महिना घ्या आणि हिशोब त्यावर बांधा. दिवाळीच्या सुट्टीचा महिना मात्र यात धरू नका. त्याचं नंतर बघू. चूक इथेच होते: आपण ओव्हरटाइमचा चांगला महिना डोळ्यांपुढे ठेवून हप्ते ठरवतो.

समजा, सगळं कापून घरात २०,००० रुपये येतात. खोलीभाडं आणि वीजबिल ५,०००; किराणा, गॅस, शाळा, औषधं ९,५००. उरले ५,५००. पुढची सगळी गोष्ट या साडेपाच हजारांची आहे.

त्याआधी पगाराची पावती बघा. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापला जात असेल तर मूळ पगाराच्या १२ टक्के आपले आणि तेवढेच मालकाचे जमा होतात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. म्हणजे आपण काहीच साठवत नाही, हे खरं नसतं. मिल बदलली की नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या. तो आपल्या खात्याचा कायमचा क्रमांक. बरेच जण तो देत नाहीत किंवा प्रत्येक वेळी पीएफ काढून मोकळे होतात. मासिक पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी लागते, आणि मध्येच पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आता वर्षाची यादी करा. आखाजीला लेकीबाळी येतात, त्यांची पाठवणी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई: भाऊबंद जमतात, रोट होतात, सोमवारी विसर्जन. मग दिवाळीचे कपडे, फराळ आणि गावची खेप. उन्हाळ्यात लग्नांचे आहेर. धरून चालू की आखाजीला ३,०००, कानबाईला ४,०००, दिवाळीला १२,००० आणि आहेरांना ५,०००. बेरीज २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. हा आकडा पाहून दचकायला होतं, पण हे पैसे आपण दरवर्षी खर्च करतोच. फक्त उपाड घेऊन.

हे २,००० ठेवायचे कुठे? दिवाळीच्या महिन्याला १,००० साठी बँकेचं आवर्ती ठेव खातं चांगलं. त्याला सगळे आरडी म्हणतात. दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि मुदतीनंतर व्याजासह घ्यायची. पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. दिवाळीसाठी ती कामाची नाही.

बँकेतही मुदत जपून निवडा. दिवाळीहून परतल्यावर बारा महिन्यांची आरडी उघडली तर ती पुढची दिवाळी झाल्यावर पिकते! शिवाय दिवाळी जागची हलते: २०२५ मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दहा महिन्यांची मुदत मिळत असेल तर ती घ्या. नसेल तर बारा महिन्यांची आरडी भाद्रपदात उघडा.

उरलेल्या हजाराचं लोक काय करतात? भिशी. ती नीट समजून घेऊ, कारण सर्वांत जास्त भांडणं तिच्यातच होतात. बारा जण दरमहा हजार रुपये भरतात आणि १२,००० एकाला मिळतात. चिठ्ठीची भिशी असेल तर पहिल्या नंबरवाल्याला बिनव्याजी कर्ज मिळतं आणि शेवटचा बिनव्याजी बचत करतो. बोलीची असेल तर गरजू माणूस १०,५०० वर उचलतो आणि सुटलेले १,५०० बारा जणांत वाटले जातात, प्रत्येकी १२५. थांबू शकतो त्याला फायदा; अडलेल्याने मात्र दीड हजार मोजलेले असतात.

धोका वेगळाच आहे. पहिला नंबर घेऊन कोणी खोली सोडून गेला तर वसुली कोण करणार? ज्याच्या गावचं घर आपण पाहिलेलं आहे, अशांच्याच भिशीत बसा. वही दर महिन्याला सगळ्यांसमोर लिहिली जाऊ द्या. संमतीने नंबर ठरत असतील तर श्रावणाआधीचा मागा. नंबर लवकर लागला तर रक्कम त्याच दिवशी बँकेत टाका. हाती आलेल्या बारा हजारांना टीव्ही लगेच दिसतो. आणि कोणी भिशीच्या नावाखाली पैसे दुप्पट करून देतो म्हणाला तर ती भिशी नव्हेच. २०१९ च्या कायद्याने अशा बेकायदा ठेव योजनांवर बंदी आहे.

यानंतर १,००० रुपये अडीअडचणीला. खातं असं निवडा, जे मोबाईलवरच्या यूपीआयला जोडलेलं नाही. पैसे काढायला बँकेत जावं लागलं की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

मग रविवार. त्यासाठी ६०० रुपये, आठवड्याला दीडशे. डुमसच्या किनाऱ्यावर भजी, कधी लोचो, मुलांना उंटावर एक फेरी. ही रक्कम रोख, वेगळ्या डब्यात ठेवा. एका आठवड्यात उरलेली पुढच्यात जाऊ द्या. काटकसर सुरू झाली की सर्वांत आधी हाच डबा बंद होतो, आणि मला ते पटत नाही. गावाकडे स्लॅबचं घर बांधायचं, त्याला वर्षातले अकरा महिने कुलूप लावायचं आणि आपण इथे एका खोलीत रविवारीही ओव्हरटाइम करायचा, असं जगणारे आपल्या गल्लीतही असतील. त्यांची बचत कमी नाही, जरा जास्तच आहे.

राहिले १,९००. ते गावी पाठवायचे की मुलांच्या नावे टाकायचे, हे घरात बसून ठरवा. मोबाईलचा हप्ता घ्यायचाच असेल तर तो यातूनच. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती लावलंय, ते सही करण्याआधी विचारा.

शेवटची अडचण दिवाळीनंतरची. बाजारात लाभपंचमीला मुहूर्त होतो, पण मिलची सगळी खाती चालू व्हायला आणखी दिवस जातात. हजेरी नाही, तर पगारही नाही. बोनस मिळाल्या दिवशीच पुढच्या महिन्याचं भाडं देऊन टाका. तांदूळ, तेल, डाळ भरून ठेवा. मग उधन्याहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जिथे जायचं तिथे निघा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, आणि येतानाचं तिकीटही त्याचं आरक्षण सुरू होताच काढलेलं बरं.