निःशब्दाचा हिशेब

संगणक ध्वनिमुद्रण करू लागला की वक्त्याचे बोलणे आणि त्याचे गप्प राहणे या दोहोंना तो सारखीच जागा मुकरर करतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या शिरस्त्याप्रमाणे सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, तर तासाभराचे असंकोचित मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट भरते, मग त्या तासात विद्वत्तापूर्ण व्याख्यान झालेले असो किंवा अध्यक्षमहाराजांची वाट पाहण्यात तो सरलेला असो.

या अंतरांची विल्हेवाट लावण्याची तजवीज मुद्रणाच्या अनेक प्रणालींत असते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली आरंभिलेल्या आणि पुढल्याच वर्षी सर्वांस विनामूल्य खुल्या झालेल्या ‘ऑडॅसिटी’त ती दोन प्रकारची आहे: आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की मुद्रणच थांबवावे, ही एक, आणि सारे मुद्रित झाल्यावर लांबलेली अंतरे आखडती घ्यावीत, ही दुसरी. ही पातळी डेसिबलांत सांगतात, आणि तेथे शून्य हा तळ नसून कळस असल्यामुळे नवख्याची पंचाईत होते. उणे साठ म्हणजे कमाल आंदोलनाचा एक सहस्रांश.

पहिली तजवीज मला फारशी मानवत नाही. पातळी ओलांडली गेल्यावर यंत्र जागे होते, परंतु उच्चाराचा आरंभ त्यापूर्वीच झालेला असतो. ‘सकाळी’मधील स हा निव्वळ घर्षणध्वनी, त्याची शक्ती पुढील स्वराच्या मानाने अल्प, तेव्हा तो बाहेरच राहून दप्तरी ‘अकाळी’ दाखल होण्याचा संभव असतो. रानात रात्रभर एखाद्या घुबडाच्या हाकेची प्रतीक्षा करावयाची असेल तर ही सोय उत्तम. माणसाच्या बोलण्याचे मुद्रण मात्र अखंड चालू द्यावे, आणि काटछाट मागाहून, मूळ प्रत जपून नकलेवर करावी.

तीही सरसकट नव्हे. अर्ध्या सेकंदाहून दीर्घ असे प्रत्येक अंतर अर्ध्या सेकंदावर आणावे, असा हुकूम यंत्र बिनतक्रार बजावते. पण वृद्ध साक्षीदार एखाद्या अवघड प्रश्नापाशी थांबला, तर ते थांबणे हाही त्याच्या जबानीचाच भाग असतो, आणि ते कापणे मला लबाडी वाटते.

अंतराच्या जागी निखळ शून्ये भरली तर श्रोत्याला यंत्र बंद पडल्याचा भास होतो. मोबाइल दूरध्वनीतही समोरचा गप्प असताना मंद कृत्रिम खरखर ऐकवितात ती याच कारणास्तव. म्हणून मुद्रणापूर्वी, मायक्रोफोन जागचा न हलविता, अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचीच गाज टिपून ठेवावी. जेथे खोकला कापावा लागेल तेथे ती बेमालूम बसते, आणि पंख्याची घरघर कमी करावयाची झाल्यास नमुना म्हणूनही तीच उपयोगी पडते.

यंत्राची खरी फजिती होते ती आपल्या जुन्या मैफलींच्या कॅसेटींपाशी. दोन चिजांमधील शांतता हुडकून तेथे खूण करण्यास त्याला सांगावे, तर तंबोरा अखंड वाजतच असतो, मधूनच तबला जुळविला जातो, टाळ्या पडतात, आणि या सर्वांखाली फितीची सरसर असतेच. पातळी सरसरीच्या खाली ठेवली तर एकही अंतर सापडत नाही, तंबोऱ्याच्या वर चढविली तर विलंबित आलापीतील हलके स्वरच शांतता ठरून एका रागाचे पाच तुकडे पडतात. तेथे कानाने ऐकून हातानेच खुणा कराव्या लागतात, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटीला, दोन्ही बाजू मिळून, तेवढाच वेळ द्यावा लागतो.