लांब पल्ला आणि आतले कपडे
(लेखमाला : दोन चाकं, लांब रस्ता – भाग ६)

नांदेडहून लातूर सायकलने सुमारे १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत हा रस्ता गोदाकाठ सोडून बालाघाटाच्या पठारावर चढतो. ताशी २० किलोमीटरचा वेग धरला तरी सात तास सीटवर बसणं आलं. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरतं असं मानलं, तर सात तासांत तेहेतीस हजारांहून जास्त वेळा मांडी सीटला घासून वरखाली होते. मधे जे कापड असेल, तेही त्याच जागी तितक्याच वेळा घासतं. शिवण चुकीच्या जागी असली, तर अहमदपूर यायच्या आत ती जाणवायला लागते.

मागच्या भागात आपण सीटची उंची ठरवली. आज त्या सीटवर बसताना अंगात काय घालावं, ते पाहू. हा विषय लोक टाळतात. गुडघा दुखला तर चारचौघांत सांगतात. जांघेत सालटं निघालं तर घरी येऊन गुपचूप पावडर लावतात आणि पुढच्या रविवारी सायकल काढतच नाहीत. निव्वळ संकोचापायी सायकल सुटावी, हे मला फार वाईट वाटतं. म्हणून आज आडपडदा न ठेवता लिहायचं ठरवलं आहे.

त्रास कशाने होतो

कारणं तीन : दाब, घर्षण आणि ओल. सीटवर बसलं की शरीराचा भार कुल्ल्यांखालच्या दोन टोकदार हाडांवर यायला हवा. सीट अरुंद किंवा तिचं नाक वर उचललेलं असेल, तर तो भार हाडांऐवजी मधल्या नाजूक भागावर येतो. तिथून नस आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून तिथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. घर्षणाने कातडी सोलवटते. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते. केसांच्या मुळांत जंतू शिरले की पुळ्या आणि फोड येतात.

आपल्याकडे यातली ओल सर्वांत त्रासदायक. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पहाटे पाचला निघालं तरी आठनंतर घामाच्या धारा लागतात. पावसाळ्यात मागचं चाक काळ्या मातीचं पाणी थेट सीटवर उडवतं. ती बारीक रेती कापडात अडकली की पॉलिश पेपरसारखी घासते. पावसाळ्यात मागचं मडगार्ड काढू नका.

हा त्रास नवख्यांनाच होतो, असं समजू नका. फ्रान्सचा लुईझाँ बोबे १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षं टूर द फ्रान्स जिंकला; पण तिसऱ्या विजयानंतर त्याला बैठकीच्या जखमांसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. १९८९ साली लोराँ फिन्याँ शेवटच्या दिवशी आघाडीवर होता आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटरच्या शर्यतीत ग्रेग लेमाँडकडून अवघ्या ८ सेकंदांनी हरला. त्या दिवशी बैठकीवर झालेल्या जखमेने त्याला बेजार केलं होतं.

आत काहीही घालायचं नाही

पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नसते. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच. पॅड थेट कातडीला लागावं, घाम शोषून बाहेर टाकावं आणि कातडीबरोबर हलावं, अशाच बेताने ते बनवलेलं असतं. मधे सुती चड्डी आली की सगळा बेत फसतो. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. त्याच्या घड्या पडतात. जांघेतलं इलास्टिक नेमकं मांडी वळते तिथे काचतं. पॅडसाठी पैसे मोजायचे आणि अंगाला मात्र ओली सुती चड्डीच लागणार, असा तो व्यवहार होतो.

पूर्वी सायकलपटूंच्या शॉर्ट लोकरीच्या असत आणि आत मऊ चामड्याचा तुकडा शिवलेला असे. धुतल्यावर ते चामडं कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळावं लागे. पुढे ताणलं जाणारं इलास्टेन आलं, चामड्याची जागा फोमच्या पॅडने घेतली. मलम लावायची पद्धत मात्र राहिली. आजही लांबच्या पल्ल्याला जांघेत आणि पॅडच्या कडांना मलमाचा पातळ थर द्यावा. सायकलपटूंचं खास क्रीम मिळतं. व्हॅसलीन चालतं, पण पॅडमधून लवकर धुऊन निघत नाही. खोबरेल तेल स्वस्त आणि घरचं. पण उन्हाळ्यात ते पातळ होऊन चटकन जिरतं, म्हणून मधल्या थांब्यावर पुन्हा लावावं लागतं. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात, ती नकोच.

पॅड निवडताना

जाड पॅड म्हणजे आराम, हा गैरसमज आहे. दुकानात पॅड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबा. ते लगेच चपटं होऊन बोटाला बोट लागलं, तर अंगाच्या वजनाखाली तासाभरात त्याचं तेच होणार. चांगलं पॅड फार जाड नसतं, पण घट्ट असतं. दाबल्यावर परत वर येतं. मधोमध शिवण नसावी. कडा पातळ होत गेलेल्या असाव्यात. हाडं टेकतात तिथे फोम दाट आणि मधे हलका असावा. मऊ जेलचं पॅड तासभर छान वाटतं. पाच-सहा तासांत ते बाजूला सरकतं आणि अंग तापवतं.

शॉर्ट अंगाला घट्ट बसली पाहिजे. उभं राहिल्यावर पुढून थोडी ओढल्यासारखी, मागून फुगल्यासारखी वाटेल. वाकून हँडल धरल्यासारखं उभं राहून पाहा. त्या स्थितीत ती नीट बसली, तर माप बरोबर. पॅड कातडीपासून सुटत असेल तर एक माप लहान घ्या. मांडीवरची पट्टी रुंद असावी. अरुंद इलास्टिक मांडीत रुततं. कमरेऐवजी खांद्यावर पट्टे असलेल्या बिब शॉर्टमध्ये पोटावर दाब येत नाही, पॅडही जागेवरून हलत नाही. पण लघवीला थांबल्यावर वरचा शर्ट काढावा लागतो. आपल्या रस्त्यांवर आडोसा आणि स्वच्छतागृहांची जी अवस्था आहे, ती पाहता स्त्रियांनी कमरेची शॉर्ट घेणं सोयीचं.

स्त्रियांनी स्त्रियांसाठीचंच पॅड घ्यावं. त्यांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे जास्त असतं, म्हणून त्यांचं पॅड मागे रुंद असतं. पाळीच्या दिवसांत साध्या सॅनिटरी नॅपकिनची कड लांब पल्ल्यात फार काचते; ज्यांना जमतं त्यांना कप किंवा टँपॉन बरा पडतो.

घट्ट शॉर्ट घालून गावातून जायला संकोच वाटतो, हे अगदी खरं आहे. त्यावर साधा उपाय आहे. पॅडची शॉर्ट आत आणि वरून सैल बर्म्युडा, थ्री-फोर्थ किंवा पातळ ट्रॅक पँट. वरचं कापड पातळ, सिंथेटिक असावं आणि सीटच्या नाकात अडकेल इतकं ढगळ नसावं. लातूरहून तुळजापूर, नांदेडहून माहूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या आपल्याकडे लोक आवडीने करतात. तेव्हा पिशवीत एक सुती पायजमा आणि कोरडी चड्डी असू द्या. पोहोचल्यावर कपडे बदला. दर्शनाला नीटनेटकं जाता येतं आणि कातडीही कोरडी होते.

पॅडची शॉर्ट नसेल तर

वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत त्याविना चालतं. तेव्हा मात्र अंडरवेअर नीट निवडा. जांघेत इलास्टिक येणारी व्ही आकाराची चड्डी टाळा. मांडीवर चार-सहा इंच खाली उतरणारी, अंगाला चिकटून बसणारी, शक्यतो बिनशिवणीची ट्रंक घ्या. कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये इलास्टेन मिसळलेलं असावं. सैल सुती बॉक्सर बाहेरून आरामशीर दिसतो, पण सीटवर त्याची गुंडाळी होते. स्त्रियांनीही लेस नसलेली, लांब पायाची, बिनशिवणीची घ्यावी.

जीन्स मात्र कधीच नको. घरातली एखादी जीन्स उलटी करून पाहा. पुढच्या आणि मागच्या चारही तुकड्यांच्या शिवणी जिथे एकत्र येतात, तिथे बोटाला चांगली गाठ लागते. ती गाठ सीटवर नेमकी त्या मधल्या नाजूक भागाखाली येते.

घरी आल्यावर

सायकल लावल्यावर ओल्या शॉर्टमध्ये चहा घेत बसू नका. लगेच अंघोळ करा, जांघ पूर्ण कोरडी करा, सैल सुती कपडे घाला. घरी सुती कापडासारखं दुसरं काही नाही. शॉर्ट त्याच दिवशी धुवा. पॅड एकदा वापरलं की पुन्हा तसंच घालायचं नाही. उलटी करून साध्या साबणाने हाताने धुवा. सुवासिक कंडिशनर वापरू नका. त्याचा थर बसून कापड घाम शोषेनासं होतं. पिळून काढू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात पाण्याची किंमत सांगायला नको. या कामाला अर्धी बादली पुरते. वाळवताना पॅडची बाजू वर ठेवून वारा लागेल अशा सावलीत टाका. मे महिन्याच्या उन्हात इलास्टेन विरतं आणि शॉर्ट सैल पडते.

पुळी आली तर फोडू नका. चार दिवस सायकल बंद ठेवा. फोड वाढला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. जांघेत गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा आला तर तो बहुधा गजकर्णाचा. त्यावर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं. हा गैरवापर वाढल्यामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. बधिरपणा आला तर तो अंगावर काढू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून बैठक मोकळी करा. तरीही होत असेल तर सीट बदला.

आधी खर्च कशावर

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. ती शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची. आपल्यापैकी बहुतेकांना तिथे जायचं नाही. पण ज्यांना २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, करायची आहे, त्यांनाही साडेतेरा तासांची मुदत असते, आणि त्यातला बराचसा वेळ सीटवरच जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. महाग गिअर, मोबाइलला जोडायचं मीटर, चकचकीत हेल्मेट लाइट यांच्या आधी आपल्या मापाच्या दोन चांगल्या पॅडच्या शॉर्ट घ्या. एक वाळत असताना दुसरी हाताशी राहते. नवी शॉर्ट थेट लातूरच्या वाटेवर घालू नका, आधी लोह्यापर्यंत जाऊन परत या. आणि आपल्या ग्रुपमध्ये कुणी न सांगता यायचं थांबलं असेल, तर त्याला किंवा तिला बाजूला घेऊन आपुलकीने विचारा. कारण बहुधा हेच निघेल, आणि त्यावर उपाय आहे.

(पुढच्या आठवड्यात : उन्हाळ्यातल्या रपेटीसाठी पाणी, मीठ आणि साखर)