मचाणावरची एक रात्र

ज्वारी हुरड्यात आली, की लातूर-नांदेडकडच्या काही शिवारांत अजूनही माळे दिसतात. चार मेढी रोवायच्या, पुरुषभर उंचीवर आडवे दांडे बांधायचे, त्यांवर फळ्या नाहीतर एखादी बाज टाकायची, की माळा तयार! त्यावर उभा राहून राखणदार गोफण फिरवतो आणि पाखरे उडवतो. हाच माळा रानात जाऊन झाडाच्या फांद्यांवर बसला, की त्याला मचाण म्हणतात.

अशा मचाणावर एक रात्र काढायला कोणाला आवडणार नाही? चला तर, आपण मनानेच एक सहल करू. मात्र वर चढण्यापूर्वी दोन प्रश्न बरोबर घेऊ. उंचावर बसल्याने आपल्याला नेमके काय मिळते? आणि त्याची किंमत कोण देते?

काळ्या खडकाचा प्रदेश

महिना वैशाखाचा, दिवस बुद्धपौर्णिमेच्या आदला. नांदेडहून मुदखेडमार्गे आदिलाबादकडे जाणारी गाडी किनवटच्या डोंगराळ भागाकडे निघाली आहे. वाटेत सहस्रकुंड नावाचे स्थानक लागते. येथे उतरून आपण पैनगंगेचा धबधबा पाहू. नदीच्या एका तीरावर मराठवाड्यातला नांदेड जिल्हा, तर दुसऱ्या तीरावर विदर्भातला यवतमाळ जिल्हा! पावसाळ्यात येथे पाण्याचा एवढा लोंढा कोसळतो, की खडक दिसत नाही. आता मात्र धार बारीक झाली आहे आणि सगळीकडे काळा पाषाण उघडा पडला आहे.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि ते थिजून हा खडक बनला. वाळूतून पाणी सहज झिरपते. घट्ट बेसॉल्टमधून तसे झिरपत नाही. त्याच्या भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि विहीर खोदणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात त्या मऊ थरात मिळून जेवढे पाणी मावेल, तेवढेच साठते. म्हणून मराठवाड्यात पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात. आधीची वर्षे अवर्षणाची गेली, तर हाल विचारूच नका. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर पाणी होते.

माणसाला रेल्वेने पाणी आणता येते. रानातल्या रोह्याने, चितळाने, अस्वलाने काय करावे? उन्हाळ्यात ओढे आटतात आणि कोसन् कोस रानात थोडेच पाणवठे उरतात. तेथे सर्वांना यावेच लागते. याचाच उपयोग करून महाराष्ट्रातल्या अनेक अभयारण्यांत वनखात्याच्या देखरेखीखाली बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची नोंद केली जाते. पौर्णिमाच का? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे रात्रभर उजेड मिळतो आणि दिवा लावावा लागत नाही.

अशा नोंदीला 'शिरगणती' म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. एकच रानडुक्कर दोन पाणवठ्यांवर गेले, तर दोनदा मोजले जाईल. त्या रात्री जो प्राणी पाणी प्यायला आलाच नाही, तो यादीत येणार नाही. म्हणून वाघांचा अंदाज करण्यासाठी आता आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे वापरतात आणि पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक वाघ ओळखतात. तरीही कोणत्या रानात कोणते प्राणी आहेत, हे डोळ्यांनी पाहून शिकायला मचाणासारखी शाळा नाही.

वर ऊब, खाली गारवा

सूर्य मावळला. आपण एका मोहाच्या झाडावर, जमिनीपासून पाचेक मीटर उंचीवर बसलो आहोत. शेजारचे साग या दिवसांत निष्पर्ण असतात. मोहाला मात्र नवी पालवी फुटलेली असते, म्हणून आडोसा चांगला मिळतो.

तासाभराने एक गंमत जाणवते. खाली उतरून ओढ्यात उभे राहिले तर अंगाला गारवा लागतो. मचाणावर मात्र हवा अजून कोमट आहे. एरवी तर उंच जावे तसे थंड होत जाते. मग येथे उलटे का?

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडून देते. आकाश निरभ्र असेल, तर ती झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. थंड हवा जड असल्यामुळे तळाशीच बसून राहते. वारा नसेल, तर वरची हवा तिच्यात मिसळत नाही. अशा रीतीने खाली थंड आणि वर उबदार असे हवेचे दोन थर तयार होतात. याला तापमानाची व्युत्क्रमणा म्हणतात.

हे तुम्हाला शाळेतही पडताळून पाहता येईल. सारख्याच दोन तापमापी घ्या. आधी त्या शेजारी ठेवून सारखे तापमान दाखवतात ना, ते पाहा. मग एक जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरी झाडाच्या फांदीला चार-पाच मीटर उंचीवर टांगा. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत संध्याकाळी दर अर्ध्या तासाने नोंद करा. नंतर ढगाळ किंवा वाऱ्याच्या संध्याकाळी हाच प्रयोग पुन्हा करा. फरक कधी वाढतो, कधी नाहीसा होतो आणि का, हे तुमचे तुम्हीच सांगू शकाल.

वास कोठे जातो?

रानातले प्राणी माणसाला डोळ्यांनी पाहण्याआधी बहुधा नाकाने ओळखतात. म्हणूनच हवेच्या या थरांना मचाणावर फार महत्त्व आहे. आपल्या अंगाचा वास वरच्या थरात मिसळतो आणि तो थर सहसा खाली उतरत नाही. पाणवठ्यावरच्या चितळाला वरती कोणी बसले आहे याचा पत्ता लागत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे. दुसरे कारण असे, की चितळाचे शत्रू बहुतेक जमिनीवरून येतात, म्हणून त्याची नजर आजूबाजूला जास्त आणि वर कमी जाते.

पण मचाण ओढ्याच्या कोणत्या बाजूला बांधावे? डोंगराळ भागात दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते. रात्री थंड, जड हवा पाण्यासारखी नाल्यानाल्यांतून खाली वाहते. मचाण पाणवठ्याच्या वरच्या अंगाला असेल, तर रात्री ही वाहती हवा आपला वास थेट पाणवठ्यावर पोचवील! म्हणून ते खालच्या अंगाला हवे. शंका असेल तर चिमूटभर राख हवेत सोडावी, ती वाऱ्याची दिशा सांगते.

एक मात्र विसरू नये. मचाण म्हणजे किल्ला नव्हे. बिबट्या झाडावर चढतो, आणि मधाच्या आशेने अस्वलही चढते. म्हणूनच जाणत्या वनरक्षकाच्या सोबतीशिवाय आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात रात्री बसता कामा नये.

झाडाचा हिशेब

उंचीने आपल्याला ऊब दिली, आडोसा दिला, वास लपवून दिला. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. या सगळ्याची किंमत कोण देते?

आधी एक कोडे. लहान झाडाच्या खोडात जमिनीपासून दीड मीटरवर आपण खिळा ठोकला. पुढे ते झाड दहा मीटर उंच वाढले. आता खिळा किती उंचीवर असेल?

उत्तर आहे, दीड मीटरवरच! झाडाची उंची फांद्यांच्या शेंड्यांवर वाढते. खोड जागच्या जागी फक्त जाड होत जाते. हे जाड होण्याचे काम सालीच्या लगेच खाली असलेला एक अतिशय पातळ, जिवंत थर करतो. त्याला ऊतककर म्हणतात. तो आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. मुळांनी घेतलेले पाणी लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते.

आता मचाण पक्के बसावे म्हणून कोणी फांदीला तारेचा वेढा घट्ट आवळला, असे समजू. फांदीचा व्यास वर्षाला 5 मिलिमीटर वाढतो असे धरले, तर पाच वर्षांत तो 25 मिलिमीटरने वाढेल. त्याला 3.14 ने गुणले, की घेर सुमारे 78 मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ 8 सेंटिमीटरने वाढला. तार मात्र तेवढीच राहिली! ती सालीत रुतते, रसवाहिन्या चेपतात आणि अन्नाची वाट अडते. फांदीला असे झाले तर ती कमजोर होते. खोडालाच असा वेढा बसला, तर मुळांची उपासमार होते आणि काही वर्षांनी भलेमोठे झाड उभ्याउभ्या वाळते. तार बांधणारा तोवर तार विसरूनही गेलेला असतो.

खिळ्याने झाड सहसा मरत नाही, पण प्रत्येक खिळा ही एक जखम असते. आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड तिच्याभोवती नवे लाकूड घालून तिला कोंडून टाकते. तोवर त्या वाटेने बुरशी आत शिरू शकते. दोन झाडांना मिळून एकच फळी खिळ्यांनी ठोकणे तर फारच वाईट, कारण वाऱ्यात दोन झाडे सारखी डोलत नाहीत. ओढाताणीत फळी तरी फाटते किंवा खोड तरी.

वजनाचाही हिशेब आहे. 50 किलोग्रॅमचा मुलगा खोडापासून अर्ध्या मीटरवर बसला, तर फांदीच्या बुडावर जेवढा ताण येतो, त्याच्या चौपट ताण तो दोन मीटरवर सरकल्याने येतो. मात्र फांदीची जाडी दुप्पट असेल, तर वाकण्याविरुद्धची तिची ताकद आठपट असते. म्हणून मचाण खोडाच्या जवळ, जाड फांद्यांच्या आधाराने असावे. शेवग्यासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडावर तर चढूच नये.

आता सुरुवातीचा माळा आठवा. तो स्वतःच्या चार पायांवर उभा असतो. झाडाशेजारी असाच माळा उभारला, तर झाडाचा आडोसा मिळतो आणि झाडाला एकही खिळा लागत नाही. हल्ली अनेक रानांत लोखंडी मचाणे अशीच स्वतंत्र उभी केलेली असतात. शिवारातल्या शेतकऱ्याने ही युक्ती कधीच हेरली होती!

ढग गडगडला, तर?

वैशाखात वळवाचे ढग अचानक जमतात. विजेच्या लखलखाटानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना तीनने भागा. वीज साधारण तेवढ्या किलोमीटरवर पडली. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून हा हिशेब. आकडा 30 सेकंद किंवा त्याहून कमी आला, की मचाण सोडायलाच हवे.

उंच झाडावर वीज पडली, की ती खोडातून जमिनीत उतरते. सालीखालचा ओला थर क्षणात तापतो, त्याची वाफ होते आणि साल फाटून उडते. जवळच्या माणसाच्या अंगावरही वीज झेप घेते. म्हणून झाडावरही नको आणि झाडाखालीही नको. पक्के घर किंवा चारी बाजूंनी बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. लोखंडी मचाणालाही हाच नियम लागू आहे. मराठवाड्यात दर वर्षी वीज पडून माणसे दगावतात. त्यांपैकी पुष्कळ जण पाऊस चुकवायला झाडाखालीच गेलेले असतात.

सकाळ

आपली रात्र सुदैवाने निरभ्र गेली. उजाडताच खाली उतरून उनकेश्वरला जाऊ. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. उनकेश्वर, उन्हवरे, उनपदेव या गरम झऱ्यांच्या गावांची नावे शेजारी ठेवून पाहा, काय ऐकू येते? जवळपास ज्वालामुखी नाही, मग पाणी तापते कसे? जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. खोल भेगांतून गेलेले पाणी तापून पुन्हा वर येते. खडकाच्या ज्या भेगांनी पाणवठे थोडे ठेवले, तशाच भेगांतून हे पाणी आले आहे.

तेथून माहूरच्या डोंगरावर चढून मागे नजर टाकू. सागाचे करडे रान, मध्येच मोहाच्या तांबूस-हिरव्या पालवीचे ठिपके आणि त्या सगळ्यातून वळत गेलेली पैनगंगा. त्यांतल्याच एका ठिपक्यात आपण रात्रभर बसलो होतो.

घरी परतल्यावर एक काम मात्र करा. आपल्या शाळेच्या आवारात आणि गल्लीत किती झाडांना पाट्या ठोकल्या आहेत, किती खोडांभोवती तारा आणि लोखंडी जाळ्या आवळल्या गेल्या आहेत, याची यादी करा. ती शिक्षकांना दाखवा आणि त्यांच्या मदतीने रुतू लागलेली तार वेळेवर सोडवा. रात्रभर आपल्याला अंगाखांद्यावर घेणाऱ्या झाडाचे तेवढे देणे आपण लागतोच.